श्रावणातलं चटणी सँडविच

आयुष्यातलं पहिलं सँडविच मी उलगडून खाल्लं. नववीत होते. वक्तृत्व स्पर्धेसाठी आमच्या सरांनी मला रत्नागिरीला आणलं होतं. खेडच्या आतल्या आमच्या गावातून खेडपर्यंत एक एसटी आणि तिथून पुढे दुसरी, असा प्रवास करून मी भाषण केलं होतं आणि पोटात काही नव्हतं. स्पर्धा संपल्यावर प्रत्येकाला पातळ कागदात गुंडाळलेलं एक त्रिकोणी सँडविच मिळालं. मी वरचा पाव उचलला, त्यावर आतली भाजी घेऊन खाल्ला, आणि मग खालचा पाव वेगळा खाल्ला, भाकरीसारखा तुकडे मोडून. शेजारी शहरातल्या शाळेतली मुलगी होती. ती हसली नाही, फक्त बघत राहिली. हसली असती तर मी विसरून गेले असते.

आता मी रत्नागिरीतच एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडील मुंबईला, आई गावाला, भाऊ बारावीनंतर वडिलांकडे गेला. मी इथे एक खोली घेऊन राहते. काम शांत आहे, आणि शांत बसायचं काम माणसाला शांत करतंच असं नाही. पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभी असताना मला सारखं वाटायचं की कुणीतरी येईल आणि म्हणेल, अहो, तुम्ही चुकून इथे आलात. माझं शिक्षण, ही नोकरी, खोलीच्या मालकीणबाईंशी झालेली ओळख, सगळं कुणाकुणाच्या चांगुलपणानं झालेलं. ते मी कधी विसरले नाही, आणि म्हणूनच कधी निवांत बसलेही नाही. दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली की मी छत्री घेऊन चालायला लागायचे. कुठेतरी जायचं म्हणून सँडविच खायला जायचे.

मारुती मंदिराकडची दिव्यांच्या माळा लावलेली कॅफे, मांडवीजवळची समुद्राच्या हवेत पाव ओलसर होणारी दुकानं, साळवी स्टॉपच्या बाजूला गाडीवर हातटोस्टर दाबणारे, एक बेकरी जिथे पाव सकाळी गरम असतो आणि संध्याकाळी तोच पाव भाजून देतात. सगळीकडे खाल्लं. आधी वहीत लिहीत होते. मग फोनवर एक पेज काढलं आणि तिथे लिहायला लागले. नाव दिलं नाही. आमच्या घरी पोरगी एकटी हॉटेलात बसून खाते हे कळलं असतं तर आईनं नुसतं विचारलं असतं, आणि तिच्या नुसत्या विचारण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी एक पद्धत होती. सँडविचचं अर्धं तिथेच गरम खायचं, अर्धं कागदात गुंडाळून आणायचं आणि तासाभरानं गार खायचं. गरम सगळंच बरं लागतं. गार झालं की बटर कुठे कमी होतं, बटाट्यात मीठ किती होतं ते कळतं. ‘चीज इतकं आहे की आत काय आहे ते बाहेर येऊ देत नाही,’ असं मी एकाबद्दल लिहिलं होतं. दुसऱ्याबद्दल लिहिलं, ‘काकडीचं पाणी काढलेलं नाही, दहा मिनिटांत पाव भिजतो.’ असं लिहिताना मला फार बरं वाटायचं. कुणी मला विचारलं नसताना मी मत देत होते, आणि तीनशेएक माणसं ते वाचत होती.

आमच्या कॉलेजच्या मागच्या वळणावर एक छोटं दुकान उघडलं. दोन टेबलं, एक ग्रिलर, काचेच्या कपाटात ब्रेडचे पुडे, आणि हातानं रंगवलेला बोर्ड, ‘शुद्ध शाकाहारी’. चालवणाऱ्या काकी दर्यावरच्या घरातल्या. नवरा बोटीवर जायचा. त्या स्वतः वीसेक वर्षं बाजारात मासे विकायला बसायच्या, मग गुडघे गेले, खाली बसणं बंद झालं आणि उभ्यानं करता येईल असं काम त्यांनी शोधलं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी, मी काही न विचारता सांगितलं.

“बस गो बाय. चटणी सँडविच घे. बाकीचं सगळीकडे मिळतं.”

आषाढाचे शेवटचे दिवस होते. पावाच्या आत उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि एक काळपट तांबडी चटणी. हिरवी चटणी नव्हतीच. मी घास घेतला आणि थांबले. धूर, मिरची, आमसुलाचा आंबटपणा, आणि त्याच्या मागे काहीतरी, जे मी गावाबाहेर कधी खाल्लंच नव्हतं. लहानपणी पावसाळ्यात, बाहेर भात लावणी चाललेली असताना, आई भाकरीवर सुकटीची चटणी द्यायची. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, उन्हाळ्यात घेऊन डब्यात भरून ठेवायची. तीच चव. अगदी तीच. उरलेलं अर्धं मी ग्रंथालयात, नोंदवहीच्या आडोशाला गार खाल्लं. गारही तशीच लागली.

त्या दिवशी मी वर दुकानाचा पत्ता देऊन लिहिलं, ‘बटाटा साधा, पाव ताजा, पण चटणी! डोळे मिटून खाल्लं तर आमच्या आईची सुकटीची चटणीच. तोच धूर, तोच आंबटपणा. रत्नागिरीत आतापर्यंत खाल्लेलं हे सगळ्यात चांगलं सँडविच.’ मग नेहमीप्रमाणे तीन-चार दिवस त्यातले शब्द मागेपुढे करत बसले. शेवटी पेजवर टाकलं. मधल्या काळात श्रावण लागला होता. आमच्याकडे फक्त सोमवार पाळतात, आणि मी टाकलं त्या दिवशी मंगळवार होता. मला काहीसुद्धा जाणवलं नाही.

माझ्या कुठल्याच लिखाणाचं पुढे काही होत नसे. याचं झालं. कुणीतरी शेवटचं वाक्य कापून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘शुद्ध शाकाहारी??? श्रावणात???’ दोन दिवसांत तो फोटो मला माझ्याच खोलीच्या मालकीणबाईंनी दाखवला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं.

या मॅडम आमच्या कॉलेजात शिकवतात. मी याच कॉलेजात शिकत असताना वसतिगृहात फार गोंगाट असायचा, तर त्यांनी त्यांच्या केबिनची किल्ली मला दिली होती, दोन वर्षं. ग्रंथालयशास्त्राच्या कोर्सचा फॉर्म मला ठाऊकच नव्हता. त्यांनी तो आणून माझ्यापुढे ठेवला आणि माझा अर्ज तीनदा माझ्याचकडून पुन्हा लिहून घेतला. त्यांच्यापुढे मी आजही खुर्चीच्या टोकावर बसते.

“हे वाचलंस का?” त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

“वाचलं,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“बघ ना. सोमवारपासून शिक्षकांचं प्रशिक्षण. बारा दिवस, साठ माणसं. दुपारच्या चहाबरोबर सँडविच मी त्यांनाच सांगितलं होतं. म्हटलं, जवळ आहे, बाई कष्टाळू आहे, पहिलंच मोठं काम मिळेल तिला. आता काय करायचं? निम्मी माणसं श्रावण पाळतात. मी स्वतः पाळते.”

“त्यात सुकट नसेल, मॅडम. बोर्डवर लिहिलंय.”

“बोर्डवर काय गं, काहीही लिहिता येतं. त्या मुद्दाम घालतात असं मी नाही म्हणत. पण घरात तेच असतं ना. भांड्याला, हाताला असतंच. त्यांना तो वासच कळत नाही.” मग त्यांनी नेहमीच्या मायेनं माझ्याकडे पाहिलं. “तू दुपारी तिकडूनच जातेस ना? तेवढं नको म्हणून सांगून ये. फोनवर सांगणं बरं दिसत नाही.”

मी उठले. त्या क्षणी सांगायला हवं होतं. केबिनच्या दारात मी एकदा वळलेसुद्धा. त्या कागद चाळायला लागल्या होत्या. मी गेले.

दुकानात कॉलेजच्या दोन मुली दाराशी उभ्या होत्या. “काकी, बांगडा सँडविच आहे का?” एकीनं विचारलं आणि दोघी हसत पळाल्या.  टेबलांवर कुणी नव्हतं. मागच्या फळीवर सोललेल्या नारळांची रास होती, सोमवारच्या तयारीची.

मी निरोप सांगितला. शब्द मॅडमचेच वापरले, त्यातले जे वापरण्यासारखे होते तेवढे.

“साठच्या साठ?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बाराच्या बारा दिवस?”

“हो, काकी.”

त्या स्टुलावर टेकल्या. “वीस वर्षं मासे विकले, तेव्हा कोण म्हणालं नाय की तुझ्या माशाला काकडीचा वास येतो. आता काकडी विकते तर माशाचा वास येतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कोणी लिहिलंन गो ते? तुला ठाऊक आहे? तू शिकलेली, फोनवर असतेस.”

मी मान हलवली. ती हलवलेली मान हो होती की नाही, ते त्यांना कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही. “सँडविच देऊ?” त्यांनी विचारलं. मला भूक नाही म्हणून मी बाहेर पडले आणि चुकीच्या दिशेला बरीच लांब चालत गेले. छत्री उघडायचीही राहिली.

शनिवारी मी गावी गेले. कारण काहीच नव्हतं. आईला वाटलं, माझ्या लग्नाचं काही आहे. ती भीतभीत वाट बघत होती, आणि मी विचारलं भलतंच.

“आई, सुकटीच्या चटणीत तू काय काय घालायचीस?”

“कधी?”

“आम्ही लहान असताना. लावणीच्या वेळी.”

आई हसायला लागली. तांदूळ निवडत होती, ते सूप तिनं खाली ठेवलं. “सुकट कुठली गो? आषाढ लागेपर्यंत डबा तळाला जायचा. तुझा बापूस यायचा तो गणपतीला. तोपर्यंत नुसतं खोबरं. तू नि तुझा भाऊस, नुसत्या खोबऱ्याच्या चटणीला तोंडं वाकडी करायचात. मग मी सांगायची, सुकटीची हाय. खायचात गपचूप.”

“पण वास यायचा.”

“वास कसला? वाटी निखाऱ्यात टाकली की करपट वास येतोच. मग आमसूल, मिरची. झाली सुकटीची.” ती पुन्हा हसली. “तुमची जीभ माझ्या बोलण्यावर चालायची.”

ती हे गंमत म्हणून सांगत होती. वाईट वाटण्यासारखं तिला त्यात काही दिसत नव्हतं आणि तिच्यासमोर मला वाईट वाटून घेता येईना. मी म्हणाले, “म्हणजे सुकट कधीच नसायची?”

“असायची की. मे महिन्यात. पण तेव्हा तुम्ही आंबे खायचात.”

त्या रात्री मी नीट झोपले नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं जी चव मी सुकटीची म्हणून जिभेवर जपली, ती सुकटीची नव्हतीच. काकींच्या चटणीत मला सुकट लागली, कारण माझ्या आईच्या चटणीत ती नव्हती. मी लिहिलेलं खोटं होतं. आणि ती चूक दुसऱ्या कुणाला करताच आली नसती.

सोमवारी सकाळी रत्नागिरीत उतरले ती थेट दुकानात गेले. कामावर जायला अजून वेळ होता. पुढचं दार अर्धं बंद होतं, मागून धूर येत होता. मागच्या पडवीत काकी लोखंडी शेगडीपुढे उभ्या होत्या. करवंट्यांचे निखारे आणि त्यांवर खोबऱ्याच्या वाट्या, पालथ्या. त्या चिमट्यानं उलटत होत्या.

“ते मी लिहिलं होतं,” मी म्हणाले.

चिमटा थांबला नाही. “काय?”

“फोनवरचं. सुकटीचं. ते पेज माझं आहे. मी चांगलं म्हणून लिहिलं होतं, काकी. सगळ्यात चांगलं सँडविच असं पुढे लिहिलंय, ते कुणीतरी कापलं. आणि ते चुकीचंही होतं. मी घरी जाऊन विचारून आले.” मग मी आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.

काकींनी सगळं ऐकलं. एक वाटी उचलली, फुंकर मारली, काळी बाजू बघितली.

“मग? आता मी काय करू? तुझा मुका घेऊ?”

त्यांनी दुसरी वाटी उलटली.

“एवढी शिकलीस, पुस्तकांत बसतेस, आणि श्रावण कधी लागला ते ठाऊक नाय तुला? आमच्या घरात आषाढ संपला की सुकटीचा डबा माळ्यावर जातो. आज सोमवार, सकाळपासून पाणी प्यायले आहे फक्त. आणि गुरुवारी तू इथे आलीस, माझ्या तोंडावर सांगून गेलीस, ऑर्डर नको म्हणून. तेव्हा तोंडात काय होतं?”

“मी पोस्ट काढून टाकते.”

“काढून काय होतंय?” आता त्या माझ्याकडे वळल्या. “आणि मला कशाला सांगतेस? मी काय घालते ते मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग जाऊन.”

ज्यांना सांगायचं ते मला माहीत होतं. दिवसभर मी ते टाळलं. प्रशिक्षण सुरू झालं होतं, मॅडम धावपळीत होत्या. चहाच्या वेळी बेकरीतलं सँडविच आलं, पिशव्यांमधून. मी पुस्तकांवर शिक्के मारले, एका पुस्तकावर दोनदा. साडेपाचला मॅडम एकट्या केबिनमध्ये दिसल्या तेव्हा आत गेले, आणि या वेळी बसले नाही.

मी सगळं सांगून टाकलं.

“तू इथे बसून ऐकून घेतलंस?”

“हो.”

“आणि तसाच निरोप घेऊन गेलीस?”

“हो, मॅडम.”

“मला एक शब्द सांगता आला नाही तुला? मी काय खाल्लं असतं का तुला?” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. “असलं पेज वगैरे आहे तेही मला माहीत नाही. मला वाटायचं, मला तुझं सगळं माहीत असतं.”

“चूक झाली.”

“झाली खरी. पण आता ऑर्डर बदलता येणार नाही. आणि खरं सांगू, सुकट नसेलही, तरी लोकांच्या मनात एकदा बसलं की... तुला नाही कळणार. त्या घरांतून...”

“आमच्या घरातही तेच असतं, मॅडम,” मी म्हणाले.

मी हे ठरवून आले नव्हते. तोंडातून गेलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला, मग परत आला. मला माझे स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. या बाईंनी मला स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं होतं, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. कृतज्ञ माणसानं असं बोलावं का, हा प्रश्न मला त्या खोलीत उभी असतानाच पडला, आणि उत्तर मिळायच्या आत त्या म्हणाल्या, “जा आता. उशीर झालाय.”

रात्री मी पेजवर माझ्या नावानं लिहिलं. माझ्या आईची चटणी, खोबऱ्याच्या वाट्या, करवंटीचे निखारे, माझी चूक. ते आधीच्यापेक्षा लांब झालं. ते कुणीही पुढे पाठवलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मॅडम ग्रंथालयात यायच्या, पुस्तक मागायच्या, घेऊन जायच्या. अगं नाही, काय चाललंय नाही. मी दुपारी बाहेर जाणं बंद केलं. डबा नेला तर तो उभ्यानं खायचे. काकींच्या दुकानावरून जायला नको म्हणून संध्याकाळी लांबून घरी जायचे, आणि लांबून जातानाही तिथे कुणी बसलंय का हे दिसेल असा एक कोपरा होता, तिथे हमखास थांबायचे. टेबलं बहुतेक रिकामी असायची.

प्रशिक्षणाच्या सातव्या दिवशी मॅडम टेबलाशी आल्या आणि उभ्याउभ्या म्हणाल्या, “शेवटच्या दिवशी त्यांच्याकडून मागवू. साठ. सांग त्यांना.”

मला इतकं हलकं वाटलं की मी उठून उभी राहिले.

“फक्त चटणी नको म्हणावं. बटाटा, काकडी, साधं. उगाच चर्चा नको.”

मी धावतच गेले. काकी कांदा चिरत होत्या. माझं बोलणं पुरं होऊ दिलं.

“नको,” त्या म्हणाल्या.

“काकी, साठ आहेत.”

“असू देत. चटणी नको म्हणजे काय ते मला कळतं, तुला कळत नसलं तरी. मी बटाटा नि काकडी दिली की सगळे म्हणणार, बघा, काढली ती चटणी, म्हणजे त्यात होतंच काहीतरी.” त्यांनी सुरी पाण्यात बुडवली. “सांग त्यांना. चटणी नको तर माझं सँडविच पण नको. आणि संशय असला तर येऊन बघा म्हणावं. सकाळी सातला निखारे पडतात. मी कुणाला दार लावलेलं नाय.”

हा निरोप मी शब्द न बदलता नेला. त्या गुरुवारी मी शब्द निवडून नेले होते. या वेळी ‘माझं सँडविच पण नको’ हे वाक्य मी मॅडमसमोर काकींच्या आवाजातच म्हटलं, मला वेगळ्या आवाजात म्हणताच आलं नाही.

“असं म्हणाल्या?”

“असंच.”

मॅडम निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. काकींचंही, माझंही.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच मी मागच्या पडवीत होते. का गेले ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. काकींनी मला बघितलं आणि करवंट्या फोडायला दिल्या. सव्वासातला बाहेर स्कूटर थांबली. मॅडम रेनकोट घालून आत आल्या, चपला पडवीच्या कडेला काढल्या. काकींना “नमस्कार” म्हणाल्या. काकींचे हात राखेचे होते, त्यांनी कोपरानंच नमस्कार केला.

 काकींनी निखारे पसरले, वाट्या मांडल्या. मॅडम बघत होत्या. धूर त्यांच्या डोळ्यांत गेला तरी त्या मागे सरकल्या नाहीत. वाट्या काळ्या झाल्यावर काकींनी त्या खरवडल्या, आमसुलं, मिरची, मीठ घालून मिक्सरला लावलं. झाकण काढून भांडं मॅडमपुढे धरलं. मॅडम वाकल्या, वास घेतला.

“खोबरं फार काळं करता हो तुम्ही.”

“त्याच्याशिवाय होत नाय,” काकी म्हणाल्या.

मॅडमनी बोटाच्या टोकावर चटणी घेऊन चाखली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. “शनिवारी दुपारी तीनला पाठवा. साठ,” त्या म्हणाल्या. चपला घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू येतेस का माझ्याबरोबर, कॉलेजला?”

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत त्या एकदाच बोलल्या, “धूर लागतोय केसांना,” आणि मी “हो” म्हणाले.

शनिवारी साठ सँडविचं मी स्वतः नेली. त्यांतली बरीच परत आली. काहींना हातच लागला नव्हता. काहींचा पाव उघडून चटणी चमच्यानं काढलेली होती. एका ताटलीत बटाटा सगळा खाल्लेला आणि पाव तसाच, काळपट तांबडा, पडलेला. मॅडमनी सगळ्यांसमोर उभं राहून एक पूर्ण खाल्लं. त्यांच्या शेजारच्या दोघींनी त्यांच्याकडे बघून खाल्लं. पुढच्या रांगेतल्या एका सरांनी तीन घेतली. कोण काय विचार करून खात होतं, ते मला कळायला मार्ग नव्हता.

परत आलेली सँडविचं फेकून द्यावीत आणि ‘सगळी संपली’ म्हणून सांगावं, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. रिकाम्या खोलीत मी डबे घेऊन पाच मिनिटं उभी होते. मग ते तसेच दुकानात नेले.

काकींनी झाकण उघडलं. एकेक उचलून खाली ठेवलं.

“किती?”

“तेवीस उरली.”

“आणि सदतीस?”

“खाल्ली.”

“काय म्हणाले?”

मी आठवायला लागले. कुणीतरी चहात साखर जास्त आहे म्हणालं होतं. कुणीतरी प्रमाणपत्रावर नाव चुकलंय म्हणून आलं होतं. तीन खाणारे सर तोंड पुसून निघून गेले होते. मी एवढी कान देऊन उभी होते, पण सँडविचबद्दल कुणी काही बोललेलं मला आठवेना.

“काहीच नाही म्हणाले, काकी.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि डबा धुवायला घेतला. “सँडविच आहे गो ते. त्यात बोलायचं काय असतं?”